नवा स्टीम बॉयलर आणि पाइपांतले ठोके: दुरुस्ती करावी की बदलावा?

तळघर (प्रश्न)

न्यू जर्सीतील मॉन्टक्लेअर येथील आमच्या १९२० च्या दशकातील घरात एका पाइपाची स्टीम हीटिंग व्यवस्था आहे. ज्या पाइपातून वाफ रेडिएटरमध्ये चढते, त्यातूनच तिचे पाणी परत उतरते. जुना बॉयलर गळू लागल्यामुळे गॅसवर चालणारा नवा बसवून घेतला, आणि तेव्हापासून पाइपांत ठोके बसतात, वरच्या मजल्यावरील रेडिएटरच्या एअर व्हेंटमधून (हवा बाहेर सोडणाऱ्या झडपेतून) पाणी उडते, बॉयलरमधील पाणी दाखवणाऱ्या काचेच्या नळीतील पातळी सतत उसळते आणि बर्नर थोड्या थोड्या वेळाने बंद होऊन पुन्हा पेटतो. जुन्या घरात असे चालायचेच, असे कंत्राटदार म्हणतात. बॉयलर सदोष आहे की बसवणी?

लोखंडी पाइप

आपण सांगितलेली लक्षणे प्रथम बसवणीकडे बोट दाखवतात. बॉयलरच्या वरचा आडवा पाइप, म्हणजे हेडर, कशाचा आहे, तो काचेतील पाण्याच्या पातळीपासून किती उंच आहे आणि घराकडे जाणारा मुख्य पाइप त्यातून नेमका कुठे निघतो, हे कृपया कळवा. बॉयलरच्या पाटीवर चौरस फुटांत, म्हणजे रेडिएटरच्या उष्णता देणाऱ्या पृष्ठभागाच्या मापात, दिलेली वाफेची क्षमताही पाहा. मग प्रत्येक रेडिएटर मोजा: तीन स्तंभांच्या, ३८ इंच उंच रेडिएटरचा एक भाग ५ चौरस फूट धरतात, त्यामुळे असे दहा भाग म्हणजे ५० चौरस फूट. दर चौरस फुटाला ताशी २४० बीटीयू (उष्णतेचे एकक) उष्णता लागते. ही बेरीज न करता जुन्या बॉयलरची पाटी पाहून नवा मागवणे ही या कामातील सर्वांत महागडी हयगय आहे.

सांगलीकर

मी साखर कारखान्याच्या बॉयलर विभागात काम केले आहे. तेथील दाब आणि आकार यांची घरगुती बॉयलरशी तुलना होत नाही, पण पाण्यावर तेलाचा तवंग असला की फेस येतो आणि वाफेबरोबर पाणी वर ओढले जाते, हे दोन्हीकडे सारखेच आहे. नव्या पाइपांचे आटे पाडताना वापरलेले तेल बॉयलरमध्ये उतरते. तळाचे पाणी सोडून ते जात नाही, कारण तेल वर तरंगते; पाणी गरम पण न उकळते ठेवून वरच्या तोंडातून अगदी बारीक धारेने काही तास वाहू द्यावे लागते. आपल्याकडे हे झाले होते का, ते विचारा.

तळघर

तेल काढलेले नाही. हेडर तांब्याचा आहे, पातळीपासून जेमतेम १२ इंच वर. बॉयलरमधून दोन पाइप वर येतात आणि मुख्य पाइप त्या दोघांच्या मधोमध निघतो. पाटीवर ५८० चौरस फूट आहे. रेडिएटरची बेरीज ३४० भरली.

लोखंडी पाइप

मग निदान स्पष्ट आहे. दोन्ही बाजूंनी आलेली वाफ मुख्य पाइपाच्या तोंडाशी एकमेकींवर आदळते आणि सोबतचे पाणी थेट घरात ढकलते. क्रम असा हवा: आधी बॉयलरचे दोन्ही पाइप, नंतर मुख्य पाइप, आणि हेडरच्या टोकाला खाली उतरणारा इक्वलायझर, ज्यातून वेगळे झालेले पाणी बॉयलरमध्ये परत जाते. परतीचा पाइप त्या इक्वलायझरला पातळीच्या किंचित खाली हार्टफर्ड लूप नावाच्या जोडणीने जोडतात, म्हणजे तो पाइप फुटला तरी बॉयलर रिकामा होत नाही. हेडर पातळीपासून किमान २४ इंच वर आणि आटे पाडलेल्या पोलादी पाइपाचा असावा. तांबे तापल्यावर अधिक प्रसरण पावते आणि त्याचा ताण सांध्यांवर येतो.

पाइपांची मांडणी सुधारून आणि तेल काढून ठोके थांबतील, पण ५८० चा बॉयलर ३४० ला कधीच जुळणार नाही. रेडिएटर जेवढी वाफ थंड करू शकतात त्याहून कितीतरी अधिक तो बनवतो, दाब लगेच चढतो आणि बर्नर बंद पडतो. पाइप तोडावे लागणारच आहेत, म्हणून माझ्या मते बॉयलरही याच वेळी बदलावा. ३४० च्या जवळची पाटी निवडा. पाइप तापवण्यासाठी लागणारी वाढ पाटीवरील आकड्यात धरलेली असते, ती पुन्हा मिळवू नका.

बॉयलरसोबतच्या पुस्तिकेत पाइपांची आकृती असते. तिच्याशी आपल्या बसवणीचे फोटो ताडून कंत्राटदाराला लेखी कळवा आणि खर्च उचलण्याची मागणी करा. नगरपालिकेच्या परवान्याखाली तपासणी झाली होती का, तेही पाहा. नव्या करारात हेडरची उंची, पोलादी पाइप आणि तेल काढण्याचे काम स्पष्ट नमूद करून घ्या. तळघरातील जुन्या पाइपांवर पांढरे जाड आवरण असेल, तर ते ॲस्बेस्टॉस असू शकते. चाचणी होईपर्यंत कोणालाही त्याला हात लावू देऊ नका. वाफेचा दाब १.५ पीएसआयच्या (दर चौरस इंचाला पौंड) वर जाऊ देऊ नये, हे बसवणाऱ्याकडून समोर करून घ्या.