तट, तटस्थ आणि निःपक्षपाती

‘तटस्थ’ आणि ‘निःपक्षपाती’ हे शब्द हल्ली सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. घरात राजकारणावरून वाद पेटो किंवा एखाद्या संस्थेवर एका बाजूला झुकल्याचा आरोप होवो, सल्ला एकच मिळतो : तटस्थ राहा. संस्थेला दिलेला हा सल्ला मला चुकीचा वाटतो.

‘तट’ म्हणजे काठ, आणि काठावर उभे राहून प्रवाह पाहणारा तो तटस्थ. न्यायाधीशाला, परीक्षकाला किंवा निवडणूक अधिकाऱ्याला काठावर राहून चालत नाही. त्याला निर्णय द्यावाच लागतो, आणि तो कोणाच्या तरी विरुद्ध जातोच. त्याच्याकडून अपेक्षा असते ती ‘पक्षपात’ न करण्याची, म्हणजे आधीच एका बाजूला न कलण्याची. जुन्या शास्त्रचर्चेत पूर्वपक्ष, म्हणजे विरोधकाचे म्हणणे, पुरता मांडून मगच सिद्धान्त, म्हणजे आपला निष्कर्ष, सांगण्याची रीत होती. ‘निःपक्षपाती’ या शब्दाला तेवढी मेहनत अभिप्रेत आहे, ‘तटस्थ’ला नाही.

घरात मात्र तटस्थतेचाही अर्थ लावला जातो. लग्नानंतर आडनाव बदलणार नाही असे मुलगी सांगते, वडील संतापतात, आणि आई “मला यात ओढू नका” म्हणून ताट उचलून आत जाते. आईच्या लेखी ही तटस्थता असते. पाठमोऱ्या आईकडे पाहणाऱ्या मुलीला मात्र तो नकार वाटतो, आणि तिचे तसे वाटणे मला समजू शकते.

मराठीत ‘तट’ म्हणजे गट किंवा फळी असाही अर्थ आहे, त्यामुळे एकाच शब्दाने आपण फूटही सांगतो आणि अलिप्तताही. इथे क्रियापदाकडे लक्ष द्यायला हवे. ‘घरात तट पडले’ असे म्हटले की ते पाऊस पडावा तसे आपोआप घडल्यासारखे वाटते; ‘तट पाडले’ म्हटले की पाडणारा कोण, हा प्रश्न लगेच उभा राहतो. ‘फूट पडणे’ आणि ‘फूट पाडणे’ यांतही हाच फरक आहे. ‘भाऊबंदकी’चेही तसेच : घडणीने हा शब्द नुसते भाऊबंदांचे नाते सांगतो, पण वापरात त्याला भांडणाचाच अर्थ चिकटला आहे, जणू नाते म्हटले की भांडण आलेच. म्हणून मतांसाठी कोणी जाणूनबुजून घराघरांत दुही माजवली असेल आणि तो कोण हे ठाऊक असेल, तर लिहिताना ‘पाडले’ हेच क्रियापद योजावे.