टेक्ससमधलं तिकीट आणि सहा तासांचा कोर्स
वर कुणीतरी लिहिलंय की गाडी जोरात चालवल्याचं तिकीट (म्हणजे दंडाची पावती) आलं की ऑनलाईन पैसे भरून मोकळं व्हायचं, कटकट नको. अहो थांबा! निदान टेक्ससमधे तरी असं करू नका, पैसे भरले म्हणजे गुन्हा कबूल, ते रेकॉर्डवर बसतं आणि मग इन्शुरन्सवाले वसूल करतात ते वेगळंच. मला ताशी ४५ मैलांच्या रस्त्यावर ५८ ला पकडलेलं (फराळाचे डबे पोचवायला निघाले होते, पोलिसाला काय त्याचं). तिकिटावरच्या तारखेच्या आत कोर्टाला कळवायचं की डिफेन्सिव्ह ड्रायव्हिंग (सुरक्षित गाडी चालवण्याचा कोर्स, तो केला की तिकीट रद्द होतं) करायचंय, आधी कोर्स उरकून मग सर्टिफिकेट घेऊन गेलं तर चालत नाही, माझी मैत्रीण तशीच फसली. कोर्टाची फी भरावी लागतेच, फुकट काही नाही. मग ९० दिवस मिळतात, त्यात कोर्सचं सर्टिफिकेट आणि डीपीएसकडून (लायसन्स देणारं टेक्ससचं सरकारी खातं) मागवलेलं ड्रायव्हिंग रेकॉर्ड, टाईप ३ए वालं, दोन्ही द्यायचं. लोक सर्टिफिकेट देतात आणि रेकॉर्ड विसरतात!
कोर्स सहा तासांचा, ऑनलाईन होतो, पण टायमर असतो त्यामुळे भराभर क्लिक करून सुटका नाही, मी एकीकडे भाजी निवडत केला.
लिमिटच्या २५ मैल किंवा जास्त वर असाल, किंवा ९५ वा त्याच्या पुढे, तर हा पर्याय नाही. कमर्शियल लायसन्स असेल तरी नाही. आणि आधीच्या १२ महिन्यांत तिकिटासाठी एकदा केला असेल तर परत मिळत नाही, तेव्हा नवऱ्याला सांगून ठेवा.