रोजची रांगोळी: रेघ मध्येच तुटते, काय करावं?

उंबरठा: सकाळची दहा मिनिटं फोन आत ठेवून दारात रांगोळी काढायची, असं ठरवलंय. पण गुळगुळीत टाइलवर रेघ तुटते, नाहीतर ढीग पडतो. चिमूट चुकते की रांगोळी?

गेरूवाली: बहुधा दोन्ही. फार पिठूळ रांगोळी दमट हवेत गोळा होते. उन्हात वाळवा, चाळा. तरीही चिकटली तर चार वाट्यांना अर्धी वाटी बारीक कोरडी रेती मिसळा. चिमूट अंगठा-तर्जनीत, जमिनीपासून बोटभर वर. अंगठा किंचित मागेपुढे करत सोडा आणि हात मनगटातून नाही, कोपरातून फिरवा. घाईत रेघ तुटते, रेंगाळलं की ढीग. टाइलचा नाद सोडा, तिथे वाऱ्याने सगळं सरकतं. दीड फुटी प्लायवर गेरूचे दोन हात द्या.

ठिपका: सुरुवातीला मुक्तहस्त नकोच. ७ ते ४ घ्या: ओळींत ४, ५, ६, ७, ६, ५, ४ ठिपके, मधली ओळ आधी. पुढच्या ओळीचा ठिपका वरच्या दोघांच्या बरोबर मध्ये, अंतर दोन बोटं. सगळे ठिपके झाल्याशिवाय रेघ ओढू नका. मोजण्यातच मन अडकतं, वेगळं ध्यान कशाला हवं! चैत्रात चैत्रांगण करून बघा. गौरीचा पाळणा, शंख, गोपद्मं, एकेक चिन्ह सुटं असल्याने हात बसतो.

उंबरठा: गेरू ओला असतानाच काढली तर?

गेरूवाली: नको. ओल शोषून पांढरा मळकट दिसतो, पुसताना डागही राहतो. रात्रीच सारवून ठेवा.