वाद धुराचा की वर्षाचा?
लंडनचं युलेझ, म्हणजे जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांकडून दिवसाचं शुल्क घेणारं क्षेत्र, हा गरिबाच्या खिशात हात आहे, असं काही जण म्हणतात. अर्धं पटतं. पण नियम गाडीच्या किमतीवर नाही, धुरावर आहे. २००६ नंतरच्या बहुतेक पेट्रोल कारना शुल्क नाही. डिझेल कार मात्र साधारण २०१५ नंतरचीच लागते. आमच्या शेजारच्या प्लंबरची २०१३ची डिझेल व्हॅन तिथेच अडकली. रोजचे १२.५० पौंड! शिवाय दिवस मध्यरात्रीला बदलतो. रात्री अकराला फुटलेला पाइप जोडायला गेला नि एक वाजता परतला, की २५ पौंड. २९ ऑगस्ट २०२३ला हद्द लंडनभर वाढली आणि जुनी गाडी मोडीत काढायचं अनुदान सगळ्या लंडनकरांना खुलं झालं जेमतेम आठ दिवस आधी. माझा राग त्या उशिरावर आहे. गाड्या टिपणाऱ्या युलेझच्या कॅमेऱ्यांच्या वायरी कापणाऱ्यांचं कौतुक मात्र मला सांगू नका.