बारावी सायन्स गणित: इंटिग्रेशन आधी की व्हेक्टर? (बोर्ड + सीईटी)

तापीकाठ१२:
नमस्कार. शिरपूर तालुक्यातून बारावी सायन्स, ग्रुप ए (गणितवाला). कॉलेजात पार्ट १ ला व्हेक्टर सुरू आहे आणि पार्ट २ ला इंटिग्रेशन, दोन्ही एकाच वेळी. व्हेक्टरमध्ये क्रॉस प्रॉडक्टची चिन्हं चुकतात. इंटिग्रेशनमध्ये सूत्रं पाठ आहेत, पण गणित समोर आलं की कोणती मेथड लावायची तेच सुचत नाही. एक पूर्ण करून मग दुसरं घेऊ का? सीनियर दादा-ताईंनी सांगावं.

पाटाचं_पाणी:
आधी डेरिव्हेटिव्ह तपास भो. तो कच्चा असेल तर इंटिग्रेशनला हात लावू नको. चेन रूल तोंडपाठ नाही, बोटात हवा.

आता मेथड. एक गणित घे: १ भागिले (एक्स² + ४एक्स + १३). नंतर शेवटचा आकडा बदलून १३ च्या जागी ३ ठेव, मग ४ ठेव. दिसायला तिन्ही सारखीच, उत्तरं मात्र तीन जातीची. छेदाचा डिस्क्रिमिनंट (बी² − ४एसी) काढ. १३ ला तो १६ − ५२ = −३६, ऋण. म्हणजे फॅक्टर पडत नाहीत, वर्ग पूर्ण कर: (एक्स + २)² + ३². उत्तर १/३ टॅन इन्व्हर्स (एक्स + २)/३ + सी. ३ ला तो ४ येतो, धन, छेद (एक्स + १)(एक्स + ३), म्हणून लॉग: १/२ लॉग |(एक्स + १)/(एक्स + ३)| + सी. आणि ४ ला शून्य, छेद सरळ (एक्स + २)², उत्तर −१/(एक्स + २) + सी. सूत्र नंतर, आधी छेदाकडे बघायचं.

त्यातला तो १/३ पोरं हमखास विसरतात. उत्तराचा डेरिव्हेटिव्ह काढला तर चूक तिथेच पकडली जाते. अर्धा मिनिट लागतो.

पार्शल फ्रॅक्शन लावण्याआधी अंशाची डिग्री छेदापेक्षा कमी आहे का बघ. समान किंवा जास्त असेल तर आधी भागाकार कर, नाहीतर तुकड्यांच्या अंशातल्या ए आणि बी च्या किमती चुकीच्या येतात आणि कुठे चुकलं तेही कळत नाही.

रावेर_केळी:
वरच्याशी सहमत, पण व्हेक्टर मागे ठेवू नको. त्याला कॅल्क्युलस लागतच नाही, आणि पुढचा लाइन अँड प्लेन अख्खा त्यावरच उभा आहे. दोन्ही समांतर चालू दे.

क्रॉस प्रॉडक्टची चूक बहुतेक वेळा मधल्या, म्हणजे जे च्या टर्ममध्ये असते. डिटर्मिनंट उलगडताना तिथे मायनस येतो. (१, २, ३) आणि (२, −१, १) घे. आय ला २ + ३ = ५. जे ला −(१ − ६) = ५. के ला −१ − ४ = −५. आता उत्तराचा दोन्ही मूळ व्हेक्टरशी डॉट काढ: ५ + १० − १५ = ० आणि १० − ५ − ५ = ०. दोन्ही शून्य, म्हणजे पुढे जा. मायनस विसरून जे ला −५ लिहिलं असतं तर पहिलाच डॉट −२० आला असता. ही तपासणी दरवेळी करायची, सोप्या गणितातसुद्धा.

दुसरी अडचण शॉर्टेस्ट डिस्टन्सला. रेषा समांतर असल्या की दिशा-व्हेक्टरांचा क्रॉस शून्य होतो आणि स्क्यू लाइनचं (समांतरही नाहीत आणि छेदतही नाहीत अशा रेषांचं) सूत्र ०/० देतं. तिथे वेगळं सूत्र: (ए२ − ए१) क्रॉस बी, त्याचं मॅग्निट्यूड भागिले बी चं मॅग्निट्यूड (ए१, ए२ म्हणजे दोन रेषांवरचा एकेक बिंदू, बी म्हणजे दोघींची दिशा). म्हणून आधी दिशांचे रेशो बघ.

पाटाचं_पाणी:
@रावेर_केळी बरोबर, समांतरच चालू दे. मात्र मोकळ्या डोक्याचा तास इंटिग्रेशनला द्यावा. व्हेक्टरचे स्टेप ठरलेले असतात, थकल्यावरही होतात.

धुळे_गणितकट्टा:
एक सुटलं. डेफिनिट इंटिग्रेशनमध्ये सब्स्टिट्यूशन केलं की लिमिट बदल. ० ते पाय/२, कॉस एक्स भागिले (१ + साइन² एक्स): टी = साइन एक्स धरलं की लिमिट ० ते १, उत्तर पाय/४. जुन्याच लिमिट ठेवल्या तर टॅन इन्व्हर्स (पाय/२) असलं काहीतरी येतं.

मॅक्सिमा-मिनिमाला दुसरा डेरिव्हेटिव्ह लिहायला आळस नको. पाटाला लागून केळीचं शेत, पाटाकडची बाजू सोडून तीन बाजूंना २०० मीटर तार. रुंदी वाय, लांबी २०० − २वाय, क्षेत्रफळ २००वाय − २वाय². डेरिव्हेटिव्ह शून्य केला की वाय = ५०, लांबी १००, क्षेत्रफळ ५००० चौरस मीटर. पण दुसरा डेरिव्हेटिव्ह −४, ऋण, म्हणून मॅक्सिमम, ही ओळ राहिली तर पूर्ण मार्क धरू नको.

तापीकाठ१२:
खूप धन्यवाद. बोर्डाच्या पेपरात चॉइस किती असतो? आणि सीईटीला वेगळं काय करावं?

रावेर_केळी:
पेपर ८० चा, ३ तास. सेक्शन ए २० मार्कांचा, त्यात चॉइस नाही. बी मध्ये १२ पैकी ८, दोन-दोन मार्कांचे. सी मध्ये १२ पैकी ८, तीन मार्कांचे. डी मध्ये ८ पैकी ५, चार मार्कांचे. चॉइस भरपूर आहे, तरी अख्खा धडा सोडू नको, कारण ए मध्ये तो कुठूनही डोकावतो.

सीईटीला गणिताचे ५० प्रश्न, ९० मिनिटं, निगेटिव्ह मार्किंग नाही. इनडेफिनिट इंटिग्रेशनचं गणित लांबलचक दिसलं तर पर्यायांचाच डेरिव्हेटिव्ह काढून बघ. अकरावीचा भागही येतो, लिमिट्स त्यातच आहे.