मदत हवी आहे: मारुती 800 चा ऑइल चेंबर सुटतच नाहीये

लाल_माती (रविवार, दुपारी 12:40)
सगळे बोल्ट काढले तरी चेंबर (इंजिनाखालचं ऑइलचं भांडं) जागचा हलत नाही. सकाळी सातपासून गाडीखाली आहे. हातोडीने ठोकला, स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटून पाहिला, एका कोपऱ्यात काठ थोडा वाकला, बाकी काही नाही. शुक्रवारी गणपती. बुधवारी रात्री मुंबईची मंडळी स्टेशनवर उतरणार, त्यात आई आहे, तिला रिक्षात बसवत नाही. कोणी हे काम केलं असेल तर लगेच सांगा. गॅरेजला न्या म्हणू नका, इंजिनात थेंबभर ऑइल नाही.

घाटवाट
डब्ल्यूडी-40 मारा चारही बाजूंनी, अर्धा तास थांबा. माझ्या बाइकचा गंजलेला बोल्ट असाच सुटला होता.

सातारी_गडी
बोल्ट गंजला तर ठीक आहे हो. इथे चेंबर सिलिकॉन पेस्टने चिकटलेला असतो, त्याला स्प्रे मारून काय होणार? उपयोग शून्य, वर ऑइल आणि स्प्रे डोळ्यांत.

पान्हेवाले_नाना
जुनी कार्ब्युरेटरवाली की नंतरची एमपीएफआय, म्हणजे इंजेक्शनवाली? चेंबर कशासाठी काढताय? बोल्ट किती निघाले? आणि मुख्य म्हणजे गाडी कशावर चढवली आहे? हे सांगितल्याशिवाय पुढचं सांगणार नाही.

वेल्डिंगवाला_सांगली
काठाला टॉर्च फिरवा. गरम झाला की सिलिकॉन सोडतं. ट्रॅक्टरची कामं आम्ही अशीच करतो.

सातारी_गडी
कृपा करून असलं काही करू नका! चेंबरच्या आत सगळीकडे ऑइलचा थर असतो, वर पेट्रोलचा पाइप, आणि माणूस खाली पाठीवर झोपलेला. शेतात उघड्यावर इंजिन खाली उतरवून केलेलं काम वेगळं.

लाल_माती
2004 ची एमपीएफआय. बागेच्या रस्त्यावर दगड लागला, चेंबरला चीर गेली, सकाळी पडवीत ऑइलचं थारोळं. नवा चेंबर आणून ठेवलाय. बोल्ट मोजले नाहीत, दिसले तेवढे काढले. गाडी पुढून चिऱ्यांवर आहे, दोन्हीकडे दोन-दोन चिरे. आता चेंबरचं सांगा.

पान्हेवाले_नाना
आधी बाहेर या. हे वाचताय तोपर्यंत खाली जाऊ नका. जांभा दाब पसरून आला तर घर पेलतो, पण गाडीचं वजन एका कडेवर येतं आणि भिजलेल्या चिऱ्याचा कोपरा न सांगता ढासळतो. 800 छोटी म्हटली तरी साडेसहाशे किलोच्या आसपास आहे, आणि तुम्ही तिला खालून हातोडीने हादरे देताय. जवळपास कोणाकडे गाडी टेकवायच्या लोखंडी घोड्या असतील तर आणा. नसतील तर फणसाचे किंवा आंब्याचे सपाट ओंडके आडवे-उभे रचा. मागच्या चाकांना अडण लावा, हँडब्रेक ओढा. काढलेली चाकं दाराखालच्या पट्टीखाली आडवी सारून ठेवा. गाडी घसरलीच तर ती चाकांवर बसेल, तुमच्यावर नाही.

मिनेसोटा_मराठी
नानांशी सहमत. इकडे चेंबर सोडवायला पातळ पात्याचं एक हत्यार मिळतं, ते फटीत घालून बाजूने ठोकत नेलं की सिलिकॉन कापत जातं. माझ्या होंडाचं काम वीस मिनिटांत झालं.

लाल_माती
ते इथे चार दिवसांत कुठून आणू?

मीनल_कोथरूड
माझ्या वडिलांनी चीर गेलेल्या चेंबरला बाहेरून एम-सील लावलं होतं, गाडी दोन वर्षं चालली. काढायची गरजच काय?

सातारी_गडी
ऑइलचा ओशट पत्रा एम-सील धरत नाही. घाटात सुटलं तर इंजिन जाम. नवा चेंबर घरात असताना ठिगळ कशाला?

पान्हेवाले_नाना
नवा चेंबर आहे ना? मग त्याच्या काठावरची भोकं मोजा आणि काढलेले नट-बोल्ट मोजा. काठ वाकतोय पण चेंबर येत नाही, म्हणजे कुठेतरी बोल्ट अजून धरून बसलाय. फ्लायव्हीलच्या (इंजिन आणि गिअरबॉक्समधल्या जड चक्राच्या) बाजूला पत्र्याची छोटी प्लेट असते, ती काढलीत का?

घाटवाट
ऑइल मात्र 20डब्ल्यू-40 टाका, पातळ टाकू नका.

इतिहासवेडा
800 चं नाव वाचून थांबलो. 14 डिसेंबर 1983 ला पहिल्या गाडीची चावी इंदिरा गांधींच्या हस्ते दिली गेली आणि 2014 ला उत्पादन थांबलं. आमच्या गल्लीतली पहिली गाडी हीच, लाल.

लाल_माती (संध्याकाळी 6:15)
नाना, दोनचा फरक निघाला. शेजारच्या गावातून घोड्या आणल्या, गाडी नीट उभी केली. प्लेट काढली तर आत लाल चिखल वाळून दगड झालेला, तो खरवडल्यावर दोन बोल्टची डोकी दिसली. दहाच्या गोटी पान्याने निघाले. मग लाकडी ठोकळा धरून बाजूने चार ठोके, आणि एक कोपरा फट् करून सुटला. पुढे पुट्टीची पत्ती फिरवली. चेंबर खाली आला तर ऑइल पंपाच्या जाळीत अडकला, तिरका करून काढावा लागला. त्या जाळीवर जुन्या सिलिकॉनचे गांडुळासारखे तुकडे चिकटलेत. हे काय?

पान्हेवाले_नाना
मागे कोणीतरी पेस्ट भरमसाट लावली. जादा पेस्ट आतल्या बाजूला येते, तुटून जाळीवर बसते आणि ऑइलचा दाब कमी पडतो. जाळी काढून रॉकेलने धुवा, तिची रिंग नवी बसवा. ब्लॉकचा काठ पत्तीने साफ करा पण ओरखडे नकोत, शेवटी पेट्रोलच्या फडक्याने ओशटपणा घालवा. नव्या पेस्टची तीन मिलिमीटरची सलग रेघ पुरे, भोकांच्या आतल्या बाजूने. बोल्ट मधून सुरू करून समोरासमोर आवळा, साधारण 10 न्यूटन मीटर. जोर लावला तर आटे जातील. ड्रेन बोल्टचा वॉशर नवा. पेस्ट पूर्ण सुकायला 24 तास द्या, त्याआधी ऑइल नाही.

लाल_माती
म्हणजे उद्या बसवून मंगळवारी ऑइल. जमेल.

घाटवाट
20डब्ल्यू-40 च.

लाल_माती (बुधवार, संध्याकाळी 7:05)
काल संध्याकाळी इंजिन सुरू केलं, ऑइलचा दिवा लगेच विझला. रात्रभर खाली पांढरा पुठ्ठा ठेवला होता. कोरडा आहे, एक डागही नाही. आत्ता आईला आणायला निघालोय.