बेनिंग्टनची दोन गॅलनी बरणी गंगावेशीत आली आहे. खरी की खोटी? आणि घडवंचीला पॉलिश करू का?

पोस्टातला_काका (शुक्रवार पेठ, कोल्हापूर)

नमस्कार मंडळी. पोस्टात ३६ वर्षं काढली, त्यामुळे आधी वजन सांगतो: सव्वाचार किलो. उंची साडेनऊ इंच, तोंड वीतभर, दोन्ही बाजूंना धरायला कान. बायको हिला बरणी म्हणायला तयार नाही, तिच्या मते हा सट आहे.

लेक मॅसॅच्युसेट्सला असते. तिथं ब्रिमफील्ड नावाच्या गावी वर्षातून तीनदा, मे, जुलै आणि सप्टेंबरात, जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. लेक म्हणते, जोतिबाच्या चैत्र यात्रेएवढी गर्दी, फक्त गुलाल नाही. तिथून १४० डॉलरला ही घेतली आणि जावयाच्या तीन स्वेटरांत गुंडाळून हातातल्या बॅगेतून आणली. मुंबईला स्कॅनरवाल्यानं विचारलं, "आत अस्थी आहेत का?"

रंग करडा, अंग संत्र्याच्या सालीसारखं बारीक खडबडीत. आतून चॉकलेटी. पुढं निळ्या रंगात एक फूल, दोन पानं. पानं जरा घाईत काढलेली वाटतात. वरच्या बाजूला ठसा आहे: ई. अँड एल. पी. नॉर्टन, बेनिंग्टन, व्ही. टी. त्याच्याजवळ २ चा आकडा. काठापासून खाली चार बोटं केसासारखी चीर गेली आहे आणि तिच्या आजूबाजूला पांढरं पीठ धरतं. पुसलं की जातं, पंधरा दिवसांत परत येतं.

विकणाऱ्यानं लेकीला "१८५० च्या आधीची" म्हणून सांगितलं. मी एकदा पोळलोय. इथंच एका माणसानं मला ब्रिटिशांच्या वेळची म्हणून एक बरणी दिली होती. घरी आणून गरम पाण्यात ठेवली तर तिचं सगळं म्हातारपण पाण्यात उतरलं. चहाचा रंग होता. म्हणून विचारतो: ही खरी का? किती जुनी? यंदाचं लोणचं हिच्यात घालावं का?

दुसरी गोष्ट. ही ठेवायची आहे आत्याच्या वाड्यातल्या घडवंचीवर. वाडा पाडला तेव्हा मी तेवढी एकच वस्तू मागितली होती. ऑगस्ट २०१९ च्या पुरात ती चार दिवस पाण्यात होती, पायांवर पुराची रेघ अजून दिसते. सुतार म्हणतो, घासून पॉलिश मारतो, नवी करून देतो. रविवारी येणार आहे.

भट्टीवाली (मूळ खानापूर, आता कोल्हापूर)

काका, एक काम करा. डोळे मिटून निळ्या फुलावरून बोट फिरवा आणि काय लागतं ते लिहा. तोवर मी बाकीचं सांगते.

ठशावरून विकणाऱ्याचं म्हणणं तिथंच पडतं. व्हरमाँटमधल्या बेनिंग्टनला नॉर्टन घराण्याची भट्टी १७९३ ला सुरू झाली आणि १८९४ पर्यंत चालली. दर पिढीला भागीदार बदलले आणि ठसा बदलला, त्यामुळे आपल्याला फार बरं झालं आहे. जे. अँड ई. नॉर्टन हा ठसा १८५० ते १८५९ चा. तुमचा ई. अँड एल. पी. हा १८६१ ते १८८१ चा. म्हणजे १८५० आधीची नक्कीच नाही. घडणीवरूनही तेच दिसतं. जुन्या काळातली भांडी पोटाला फुगीर आणि बुडाशी निमुळती, आपल्या घागरीच्या अंगाची. पुढं पुढं ती सरळ डब्यासारखी झाली, कारण सरळ भांडं घडवायला सोपं आणि भट्टीत दाटीनं रचता येतं. तुमची सरळ आहे ना?

ही मिठाची भट्टी आहे. ती मी फक्त एकदाच चालवली आहे, शेजारी भांडायला आले होते. भट्टी साधारण १२५० अंशांच्या पुढं गेली की भोकांतून आत मीठ टाकायचं. मिठाची वाफ होते, त्यातलं सोडियम मातीतल्या सिलिकाला जाऊन चिकटतं आणि भांड्याच्या अंगावर काच तयार होते. वेगळं ग्लेझ लावावंच लागत नाही. संत्र्याची साल म्हणालात ती हीच. धूर मात्र आम्लाचा, घसा धरतो.

भांडी एकावर एक रचलेली असल्यानं वाफ आत पोचत नाही. म्हणून आतून न्यूयॉर्क राज्यातल्या अल्बनीची माती पातळ करून फिरवायचे, ती वितळून चॉकलेटी होते. आणि निळाच रंग का, तर एवढ्या आचेत टिकणारे रंग मोजकेच, त्यात कोबाल्ट भरवशाचा. चिमूटभर पुरतो.

गंमत अशी की बेनिंग्टनला या कामाची माती नव्हती. ती न्यू जर्सीहून बोटीनं हडसन नदीतून वर यायची आणि पुढं बैलगाडी-घोडागाडीनं भट्टीवर. आम्ही खानापूरला शिकत असताना माती दाराशी होती, तरी कुरकुरायचो.

२ चा आकडा म्हणजे दोन गॅलन. अमेरिकन गॅलन ३.७८५ लिटरचा, तेव्हा साडेसात लिटरची बरणी.

लक्ष्मीपुरीचा_जुनाबाजार

काका, पहिलं त्या सुताराला फोन लावा. रविवारचं कॅन्सल. मग पुढचं वाचा.

मी जुन्या लाकडाचा धंदा २२ वर्षं करतोय. सुरुवातीला एक फडताळ आलं होतं, दारावरचा हिरवा रंग पोपडे धरलेला. मला वाटलं, चकचकीत केलं की गिऱ्हाईक पळत येईल. सहा दिवस पदरच्या पैशानं घासून घेतलं, वर टचवूड मारलं. पुण्याचे एक गृहस्थ आधी फोटो बघून लई खूश झाले होते. येऊन बघितलं आनि म्हणाले, "अहो, मला ते हिरवं पाहिजे होतं." निम्म्या भावात दिलं. त्या दिवसापासून सॅंडपेपर दुकानात ठेवत न्हाई.

अमेरिकेतबी हेच हाय. तिकडं आपल्या जाळीच्या कपाटासारखं एक कपाट असतं, पाय सेफ म्हनतात. पाय म्हनजे त्यांचा सारन भरून भाजलेला पदार्थ. जाळीच्या जागी पत्रा, त्याला खिळ्यानं भोकं पाडून नक्षी केलेली. वारा आत, माशी बाहेर. त्याला दुधातल्या प्रथिनाचा आनि चुन्याचा घरगुती रंग लावायचे. तो मूळचा रंग शाबूत असला तर भाव, खरवडला तर नुसतं लाकूड. तुमची पुराची रेघ तर आजिबात काढू नका. शुक्रवार पेठेतल्या घडवंचीवर २०१९ ची रेघ नसली तर मीच विचारीन, कुठनं आनली?

फक्त पाय तपासा. पाण्यातनं आलेल्या लाकडाला बुडाकडनं वाळवी धरते. रेघेच्या खाली नखानं टोकरून बघा, भुसा पडला तरच औषध करा. वर्षातनं एकदा कोरड्या फडक्यानं पुसून मेणाचा हलका हात, बास.

विजूमावशी

लोणच्याचं कुणी बोललंच नाही! बाकी सगळं ठीक, पण साडेसात लिटरचा सट रिकामा ठेवायचा म्हणजे काय? माझ्या सासूबाईंकडे दोन होते. वरून तपकिरी, खालून पांढरे. तळाला मीठ, मग फोडी, वर खार, आणि तोंडाला दादरा घट्ट बांधलेला. विटाळशीनं हात लावायचा नाही, एवढंच काय ते चुकीचं होतं.

चिरेत मेण भरलं तर चालेल का?

भट्टीवाली

मावशी, नाही चालणार. मिठाच्या ग्लेझमध्ये शिसं नसतं, प्रश्न तो नाही. त्याआधी तिकडं जी तांबडी भांडी होती त्यांच्या झिलईत शिसं असायचं आणि आंबट ठेवलं की ते अन्नात उतरायचं. या करड्या भांड्यांचा सुळसुळाट व्हायला तेही एक कारण होतं. इथं अडचण चिरेची आहे. दीडशे वर्षांत आत काय काय ठेवलं असेल? खारवलेलं डुकराचं मांस, आंबवलेली कोबी, नंतर कुणाच्या गोठ्यात रॉकेलसुद्धा. ते चिरेत मुरलेलं असतं. मेण वरच्यावर राहतं.

तुमच्या सासूबाईंचे सट आहेत का अजून? वर तपकिरी, खाली पांढरं, ही जोडी अमेरिकेतही एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आली. वर तीच अल्बनीची माती, खाली ब्रिस्टल पद्धतीचं पांढरं ग्लेझ. मिठाची भट्टी आणि निळी फुलं मागं पडली. त्यांच्या पोटावर मेसनच्या काचेच्या बरणीनंही पाय दिला, तिचं पेटंट १८५८ चं. आत काय आहे ते दिसतं म्हटल्यावर कोण उघडून बघतंय.

काका, पांढरं पीठ म्हणजे मुरलेलं मीठ. पावसाळ्यात आपल्याकडची हवा ओली, मीठ विरघळतं, मग सुकताना बाहेर येऊन स्फटिक धरतं आणि ग्लेझचे टवके उडवतं. पुसून जाणार नाही. साध्या पाण्यात बुडवून ठेवा, रोज पाणी बदला. ॲसिड, ब्लीच, चिंच, लिंबू, काहीही नको. आणि सावलीत सावकाश सुकवा.

पोस्टातला_काका

बोट फिरवलं. फुलाची रेघ किंचित वर आहे, मेंदी सुकल्यावर लागते तशी. पण वरून गुळगुळीत, नखाला सुटत नाही. नातवाकडूनही करून घेतलं. आकार सरळ आहे, डब्यासारखा.

माठ घेताना वाजवतात तशी वाजवलीही. एका बाजूला टण्, चिरेच्या बाजूला ठक्.

भट्टीवाली

मग झालं. मेंदीच्या कोनासारख्याच नळीच्या भांड्यातून ओली माती सोडून काढलेली रेघ आहे ती, आणि मिठाची काच तिच्यावरून गेली आहे. साध्या करड्या बरणीवर मागाहून निळं फूल रंगवून भाव वाढवणारे असतात. ते फूल काचेच्या वर बसतं आणि नेलपॉलिश काढायच्या बोळ्यानं पुसलं जातं. तुमचं तसं नाही. माझ्या मते बरणी खरी, १८६१ ते १८८१ मधली. साधं फूल आणि चीर बघता १४० डॉलर ठीक. पक्षी, हरीण, घर असं काही असतं तर आकडा फार वर गेला असता.

लक्ष्मीपुरीचा_जुनाबाजार

आकडा म्हनजे किती वो ताई? मी बरन्या आजवर किलोवर दिल्यात.

भट्टीवाली

बसून वाचा. साउथ कॅरोलिनातल्या एजफील्डला डेव्ह नावाचा गुलाम कुंभार होता. तिथं मिठाचं नाही, राखेचं ग्लेझ. गुलामांना लिहायला शिकवणं त्या राज्यात गुन्हा होता, १८३४ चा कायदा. आणि हा माणूस ओल्या मातीवर स्वतःचं नाव, तारीख आणि दोन-दोन ओळींच्या कविता कोरायचा. त्याचा १८५८ चा २५ गॅलनचा रांजण २०२१ च्या लिलावात १५ लाख ६० हजार डॉलरला गेला, अर्कान्सासमधल्या एका संग्रहालयानं घेतला. त्याला स्वतःला त्यातलं काय मिळालं असेल ते सांगायला नको.

लक्ष्मीपुरीचा_जुनाबाजार

उद्यापासनं प्रत्येक बरनी उलटी करून वाचनार.

विजूमावशी

सट माळ्यावर आहेत, उद्या मुलाला चढवते. पण काका, लोणचं नाही तर निदान मीठ तरी ठेवा त्यात.

भट्टीवाली

मावशी!! मीठच तर काढतोय आपण. लाटणी, उलथनी, झारे ठेवा. हौस भागते.

पोस्टातला_काका

सुताराला नको म्हणून कळवलं, तो नाराज आहे. घडवंचीचे पाय टोकरले, भुसा नाही. बरणी न्हाणीघरात मोठ्या पातेल्यात बुडवली आहे आणि घरातले सगळे आता बाहेरच्या नळावर आंघोळ करतात.

आज चौथा दिवस. पाणी बदलताना थेंबभर जिभेला लावून बघितलं. अजून खारट आहे.

भट्टीवाली

काका, रॉकेलचं लिहिलं होतं ना वर? जीभ नको. काचेच्या तुकड्यावर थेंब टाका आणि उन्हात वाळू द्या. पांढरा डाग उरला तर उद्या परत पाणी बदला.